ड्रॉइंगवर नुसते ‘हार्ड क्रोम’ लिहू नका : टूलरूमवाल्यांना आणि खरेदी विभागांना खुले पत्र

प्रति,
टूलरूमचे मालक, मोल्ड डिझायनर आणि खरेदी विभागातील मंडळी,
भोसरी, चाकण, वाळूज, अंबड, सातपूर, शिरोली आणि जिथे जिथे मोल्ड बनतात तिथे.

स. न. वि. वि.

आम्ही प्लेटिंगचे जॉबवर्क करतो. आमच्याकडे येणाऱ्या ड्रॉइंगच्या कोपऱ्यात ‘हार्ड क्रोम’, म्हणजे पोलादावर विजेने चढवायचा क्रोमियमचा कडक थर, एवढे दोन शब्द असतात. किती मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग), कोणत्या बाजूला, दिलेले माप प्लेटिंगच्या आधीचे की नंतरचे, पोलाद कोणते, हार्डनेस किती, यातले काहीच नसते. चलनावर लिहिलेले असते : कोअर (साच्याचा आतला भाग) १ नग, कॅव्हिटी (बाहेरचा भाग) १ नग, अर्जंट. मग प्लेटर अंदाजाने २० मायक्रॉन चढवतो, मोल्ड जुळवताना इजेक्टर पिन (तयार वस्तू ढकलून बाहेर काढणारी) अडकते, आणि फोन येतो की प्लेटिंग खराब केले. प्लेटिंग खराब नसते. ते भोकाच्या आतही झालेले असते, इतकेच.

म्हणून आधी मापाचे बोलू. जाडी नेहमी एका बाजूची मोजतात. २५ मायक्रॉन सांगितले की शाफ्टचा व्यास ५० मायक्रॉनने वाढतो आणि भोकाचा व्यास ५० मायक्रॉनने कमी होतो. ६ मिलिमीटरच्या एच-७ (ठरलेल्या टॉलरन्सच्या) भोकाला एकूण सवलतच १२ मायक्रॉनची असते. त्यात इलेक्ट्रोलेस निकेलचे (विजेशिवाय बसणाऱ्या निकेलचे) १० मायक्रॉन चढले की भोक २० मायक्रॉनने बारीक झाले, पिन जाणार कशी? आट्यांचे तर याहून वाईट. साठ अंशांच्या आट्यात पिच व्यास (आट्याच्या मधल्या उंचीवरचा व्यास) जाडीच्या चौपट बदलतो. एम-१० बोल्टच्या ६-जी (नेहमीच्या फिटच्या) आट्याला वरच्या बाजूने ३२ मायक्रॉनची सूट असते, म्हणजे ८ मायक्रॉन प्लेटिंगमध्ये ती संपली. दहा मायक्रॉन चढवले आणि आटा आधीच वरच्या हद्दीवर कापलेला असेल, तर गेज जाणारच नाही. अशा जागी ड्रॉइंगवर दोन मापे द्या, मशीनिंगचे वेगळे आणि प्लेटिंगनंतरचे वेगळे, किंवा सरळ ‘मास्क करा’, म्हणजे तेवढा भाग झाका, असे लिहा. मास्किंगचा खर्च पिना रीमरने परत मोकळ्या करण्यापेक्षा कमीच येतो. शिवाय रीमर क्रोमवर चालत नाही, हे वेगळेच.

आता हार्ड क्रोमच्या टाकीत काय चालते ते थोडे समजून घ्या, कारण निम्मे गैरसमज तिथूनच सुरू होतात. नेहमीच्या बाथमध्ये (टाकीतल्या द्रावणात) लिटरला २५० ग्रॅम क्रोमिक ॲसिड आणि २.५ ग्रॅम सल्फेट असते, म्हणजे शंभरास एक. तापमान ५० ते ५५ अंश. ॲनोड शिशाचे, त्यात कथील किंवा अँटिमनी मिसळलेले. करंट चौरस डेसिमीटरला ३० ते ५० ॲम्पिअर. आता गंमत अशी की, या करंटपैकी जेमतेम १३ ते १५ टक्के क्रोम बसवण्याच्या कामी येतो. बाकीचा बराचसा हायड्रोजन काढण्यात जातो. टाकीवर जो पिवळा धूर दिसतो तो त्या बुडबुड्यांनी उडवलेला क्रोमिक ॲसिडचा तुषार. ३० ॲम्पिअर आणि १३ टक्के धरून हिशेब केला तर तासाला १७-१८ मायक्रॉन चढते. म्हणजे ५० मायक्रॉन हवे तर टाकीतच तीन तास. त्याच्या आधी सफाई, जिग बांधणे, मास्किंग, जॉबला बाथच्या तापमानाला आणणे, उलटा करंट देऊन एचिंग (क्रोम धरावे म्हणून पृष्ठभाग किंचित खाणे). नंतर धुणे, बेकिंग, ग्राइंडिंग किंवा पॉलिश. ‘सकाळी देतो, दुपारी द्या’ या वाक्याला आमच्याकडे उत्तर नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. क्रोमचा बाथ आळशी आहे, आडोशाला जातच नाही. ॲनोडच्या जवळ जे टोक, जी कड, जो कोपरा, तिथे करंट गर्दी करतो आणि तिथेच क्रोमचे ढिगारे जमतात. खोल खाचेच्या तळाला काहीच बसत नाही. सपाट भागावर २५ मायक्रॉन मोजले तर धारेवर सहज दुप्पट सापडेल. रिबची खोली रुंदीपेक्षा जास्त असेल तर तळाला क्रोम मिळण्याची आशा सोडा. यावर उपाय आहेत. कॅव्हिटीच्या आकाराचा वेगळा ॲनोड बनवता येतो, धारेजवळ तार लावून जादा करंट तिकडे वळवता येतो, ॲक्रिलिकचा आडोसा धरता येतो. पण त्यासाठी जॉबचे ड्रॉइंग आणि दोन दिवस हवेत. डिझायनरच्या हातात त्याहून स्वस्त उपाय आहे : जिथे चालत असेल तिथे धारेला ०.३ ते ०.५ मिलिमीटर त्रिज्या द्या.

पार्टिंग लाइनला (मोल्डचे दोन भाग मिळतात ती रेघ) आणि शट-ऑफला (दोन भाग एकमेकांवर बंद होतात ती जागा) अर्थातच त्रिज्या देता येत नाही, तिथे फ्लॅश, म्हणजे फटीतून बाहेर आलेले प्लास्टिक, येईल. मग तिथे क्रोमच नको. पार्टिंग फेस मास्क करायला सांगा. धारदार शट-ऑफवर चढलेले क्रोम बंद होताना आपटते, आणि क्रोम कितीही कठीण असले तरी ठिसूळ आहे. आधी धारेचा कपचा उडतो, मग त्या कपच्याने समोरचा फेस खरवडतो. कॅव्हिटीला क्रोम करून आठवड्यात फ्लॅश सुरू झाल्याची तक्रार आली की पहिल्यांदा पार्टिंग लाइनची धार भिंगाखाली बघा.

कधी क्रोम, कधी निकेल, हा प्रश्न खरेदी विभाग सहसा दर बघून सोडवतो. दर बघूनच सोडवायचा असेल तर निदान हे ध्यानात ठेवा. इलेक्ट्रोलेस निकेलला करंट लागत नाही. निकेल सल्फेट आणि सोडियम हायपोफॉस्फाइटच्या द्रावणात ८५ ते ९२ अंशांना रासायनिक क्रियेने निकेल बसते, तासाला १० ते २० मायक्रॉन, आणि द्रावण जिथे पोचते तिथे सगळीकडे जवळपास सारखेच. खोल रिब, आडवी भोके, वॉटर लाइनच्या आतली भिंत, सगळे एका जाडीचे. म्हणून गुंतागुंतीच्या कोअरला आणि पाण्याने गंजणाऱ्या मोल्डला हेच योग्य. मात्र बंद खाचेत हायड्रोजनचा बुडबुडा अडकला तर तिथे टक्कल राहते, म्हणून जॉब टांगायचा कोन महत्त्वाचा आणि टांगायला आयबोल्टचे भोक हवे. दोनशे किलोचा थंडगार ब्लॉक सरळ बाथमध्ये सोडला तर बाथच थंड होतो आणि क्रिया मंदावते. त्याला आधी गरम पाण्यात तापवावे लागते. हा वेळ बिलात दिसत नाही, पण लागतो.

निकेलमध्ये फॉस्फरस किती, तेही लिहा. दहा टक्क्यांच्या वर असेल तर गंजरोधक चांगले. सहा ते नऊ टक्के हे नेहमीचे. टाकीतून निघाले तेव्हा कडकपणा साधारण ५०० ते ५५० व्हिकर्स असतो. चारशे अंशांना एक तास भट्टीत ठेवले की ९०० च्या पुढे जातो, म्हणजे हार्ड क्रोमच्या पंगतीला बसतो. पण या भट्टीला दोन अटी आहेत. एक, त्या तापमानाला कोटिंगची अंतर्रचना बदलते, बारीक तडे जातात आणि गंजरोधकता घटते. म्हणजे कडकपणा आणि गंजापासून बचाव दोन्ही पूर्ण हवे असे होत नाही, एक निवडा. दोन, खालचे पोलाद. पी-२० किंवा एच-१३ या पोलादांचे टेंपरिंग (कडक केल्यावर पुन्हा तापवणे) बरेच वर, ५५० अंशांच्या आसपास झालेले असते, त्यांना चारशे अंशांनी फरक पडत नाही. पण ओएचएनएस किंवा ईएन-३१ पोलादाचा जॉब १८०-२०० अंशांना टेंपर केलेला असतो. तो चारशेला ठेवला तर कोटिंग कडक आणि आतले पोलाद मऊ, अशी अंड्याच्या कवचासारखी स्थिती होते. दाब आला की कवच फुटते. डी-२ पोलादाचे दोन्ही प्रकारे टेंपरिंग होते, त्यामुळे हीट ट्रीटमेंटचा रिपोर्ट सोबत लावल्याशिवाय आम्हाला कळायला मार्ग नाही.

प्लास्टिकचे नावही चलनावर असू द्या. पीव्हीसी तापून कुजले की हायड्रोक्लोरिक ॲसिड सुटते, आणि जुने क्रोम उतरवायला प्लेटर वापरतात ते हेच ॲसिड. क्रोममध्ये मुळातच केसांसारखे सूक्ष्म तडे असतात, त्यातून ते खाली पोलादापर्यंत जाते. पीव्हीसीच्या मोल्डला ४२० जातीचे स्टेनलेस किंवा जास्त फॉस्फरसचे निकेल बरे. काच भरलेल्या नायलॉनला मात्र झीज हा खरा शत्रू. तिथे २० ते २५ मायक्रॉन हार्ड क्रोम चांगले चालते, आणि झीज गेटपासून (प्लास्टिक आत शिरते त्या तोंडापासून) सुरू होते म्हणून गेट इन्सर्ट वेगळा काढता येईल असा बनवा, म्हणजे तेवढाच परत प्लेट करता येईल. टेक्स्चर केलेल्या कॅव्हिटीला ३ ते ५ मायक्रॉनपेक्षा जास्त चढवू नका; टेक्स्चरची धार बोथट होते आणि प्लास्टिकवरची चमक बदलते. ॲल्युमिनियम डायकास्टिंगच्या डायला यातले काहीच सांगू नका. वितळलेल्या धातूच्या उष्णतेने आणि पुन्हा पुन्हा तापण्या-थंड होण्याने ही कोटिंग टिकत नाहीत. तिथे नायट्रायडिंग (पोलादाच्या पृष्ठभागात नायट्रोजन मुरवणे) किंवा पीव्हीडी (निर्वातात बाष्पातून बसवलेला पातळ थर). आमचे काम कमी होते खरे, पण परत येणारा जॉबही कमी होतो.

आता खालच्या धातूकडे येऊ. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? प्लेटिंगने ओरखडा झाकला जात नाही, उलट उठून दिसतो. क्रोम तर खालचा दोष वाढवून दाखवते. आरशासारखी कॅव्हिटी हवी असेल तर तसे पॉलिश प्लेटिंगच्या आधी टूलरूममध्येच पूर्ण व्हायला हवे. क्रोमनंतर आम्ही करतो ते वरवरचे, डायमंड पेस्टने. पॉलिशचा शेवटचा हात ज्या दिशेने जॉब सुटतो त्या दिशेने फिरवा. आणि पेस्ट, मेण, बफिंगचा साबण कोपऱ्यात वाळू देऊ नका. वाळलेला साबण गरम कॉस्टिकलाही दाद देत नाही.

स्पार्क इरोजनने (विजेच्या ठिणगीने कोरून) केलेल्या पृष्ठभागावर वितळून पुन्हा गोठलेला पांढरट थर असतो. तो कडक, तडकलेला आणि खालच्या पोलादाला अर्धवटच चिकटलेला. त्याच्यावर बसवलेले क्रोम त्याला धरून बसते, आणि तो थर सुटला की दोघे मिळून सुटतात. दगडाने किंवा पॉलिश करून तो काढलाच पाहिजे. नायट्रायडिंगनंतरच्या पांढऱ्या थराचेही तेच. गंधक किंवा शिसे घातलेले, सहज कापले जाणारे पोलाद मशीनिस्टला आवडते, पण प्लेटरला नाही. गंधकाचे धागे ॲसिडमध्ये विरघळतात आणि तिथे बारीक खड्डे राहतात. ‘प्लेटिंगला पिनहोल आली’ या तक्रारीत बऱ्याचदा हेच निघते. वेल्डिंगने भरलेली जागा वेगळ्या रंगाची दिसते, कधी कडेला खड्डे सोडते. वेल्ड कुठे आहे ते खडूने खूण करून पाठवा. बिडाच्या जॉबला, कोल्हापूरकडच्या मंडळींना हे ठाऊकच आहे, उलटा करंट दिला तर ग्राफाइट उघडे पडून वर काजळी येते, म्हणून एचिंग अगदी थोडा वेळ आणि करंट सुरुवातीला जास्त ठेवून क्रोम पटकन झाकायचे. बिडाच्या छिद्रांत शिरलेले ॲसिड दोन दिवसांनी पिवळे होऊन बाहेर येते, ते धुण्यात हयगय झाली असेही नसते, कास्टिंगच सच्छिद्र असते.

आणि सिलिकॉन. वापरलेला मोल्ड री-क्रोमला पाठवता तेव्हा त्यावर महिनोन्‌महिने सिलिकॉन रिलीज स्प्रे मारलेला असतो. तो पोलादाच्या रंध्रांत बसतो, साध्या डिग्रीझरने निघत नाही, आणि नेमक्या त्याच जागी प्लेटिंग चकवते. कॅव्हिटी काढायच्या शेवटच्या दिवसापासून स्प्रे बंद करा, आणि स्प्रे वापरत होतो एवढे चलनावर लिहा. लपवले की दोघांचेही नुकसान. मोल्ड पाठवताना पिना, ओ-रिंग, हीटर, थर्मोकपल, पितळी प्लग सगळे काढा. वॉटर लाइन आणि एम-८ चे बंद आटे रबरी बुचाने बंद करून पाठवलेत तर उत्तम. नाहीतर आत अडकलेले क्रोमिक ॲसिड पुढच्या आठवड्यात तुमच्या कामगाराच्या हातावर येईल, आणि सहा व्हॅलेन्सीचे क्रोमियम कर्करोगकारक आहे.

हायड्रोजनचा मुद्दा मुद्दाम वेगळा ठेवला, कारण इथे फसले तर जॉब तुटतो. वर सांगितले की बराचसा करंट हायड्रोजन काढण्यात जातो. त्यातला काही पोलादात शिरतो. ४० एचआरसीच्या (रॉकवेल सी मापाने कडकपणा) खाली फारसे बिघडत नाही. त्याच्या वर पोलाद ठिसूळ होते, आणि जॉब लगेच तुटत नाही, लोड आल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी तुटतो. कोअर पिन, स्प्रिंग, पंच, मोठे बोल्ट यांत हे जास्त. उपाय बेकिंगचा : प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत १९० ते २२० अंशांच्या भट्टीत, हार्डनेस जितकी जास्त तितका वेळ जास्त, ८ ते २४ तास. चार तास उलटले की हायड्रोजनने तडा सुरू केलेला असू शकतो, आणि भट्टी तडा बुजवत नाही. बेकिंग टेंपरिंगच्या तापमानाच्या खालीच हवे. १६० अंशांना टेंपर केलेला केस-हार्डन (फक्त वरचा थर कडक केलेला) जॉब २२० ला टाकला तर त्याचा कडकपणा गेला. त्याला कमी तापमान आणि जास्त वेळ. ग्राइंडिंग केलेल्या कडक जॉबमध्ये आधीच ताण असतो, त्याला प्लेटिंगच्या आधीही ताणमुक्तीची भट्टी लागते. गंज काढायला कडक पिन ॲसिडमध्ये बुडवणे हाही हायड्रोजन भरण्याचाच प्रकार, तिथे ब्लास्टिंग करा. जुने क्रोम उतरवतानाही तेच : मऊ पोलादावरून हायड्रोक्लोरिक ॲसिडने, कडक पोलादावरून कॉस्टिकच्या द्रावणात उलटा करंट देऊन.

पिंपरी-चिंचवडकडे गुरुवारची सुट्टी असते, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी बुधवारी संध्याकाळी ५८ एचआरसीचे पंच येतात आणि शुक्रवारी सकाळी हवे असतात. बुधवारी रात्री प्लेट करून भट्टी सोडून द्यायची, की भट्टीत टाकून गुरुवारी माणूस बसवायचा? कडक जॉब सोमवार-मंगळवारी पाठवा, एवढेच. विजेचेही असेच. क्रोम चालू असताना वीज गेली की वरचा पृष्ठभाग काही क्षणांत निष्क्रिय होतो. करंट परत आल्यावर त्यावर सरळ क्रोम चढवले तर दोन थर एकमेकांना धरत नाहीत, आणि ग्राइंडिंगमध्ये पापुद्रा निघतो. नीट काम करणारा प्लेटर जॉब काढतो, पुन्हा एच करतो किंवा करंट हळूहळू वाढवत जातो. मोठ्या जाडीच्या कामाआधी त्याला विचारा की जनरेटर आहे का आणि किती सेकंदांत सुरू होतो. हा प्रश्न दर विचारण्याच्या आधीचा आहे.

क्रोमवर ग्राइंडिंग तुमच्याकडे होणार असेल तर मऊ ग्रेडचे ॲल्युमिनियम ऑक्साइडचे चाक, एका पासला ५ ते १० मायक्रॉन आणि भरपूर कुलंट. कोरडे ग्राइंडिंग केलेत, चाक चिकट झालेले असले, की उष्णतेने जाळीसारखे तडे पडतात. मोजतानाही एक खोच आहे. पोलादावरचे क्रोम साध्या चुंबकीय गेजने मोजता येते. जास्त फॉस्फरसचे निकेल टाकीतून निघते तेव्हा चुंबकाला ओढत नाही, तेव्हा मोजले तर बरोबर येते. चारशे अंशांच्या भट्टीनंतर ते चुंबकीय होते आणि तोच गेज चुकीचा आकडा दाखवतो. ‘दहा सांगितले, चारच निघाले’ असे पत्र लिहिण्याआधी भट्टीच्या आधी मोजले की नंतर ते बघा.

थोडे कागदपत्रांचे. निर्यातीच्या जॉबसाठी ‘क्रोम-सिक्स नाही’ असा दाखला मागितला जातो. बसलेले हार्ड क्रोम धातूच्या रूपातले क्रोमियम असते, त्यात सहा व्हॅलेन्सीचे काही नसते. ते असते टाकीत आणि सांडपाण्यात. त्या सांडपाण्यावर मात्र आमचा खर्च होतो. आम्लात, पीएच २ ते ३ वर, सोडियम मेटाबायसल्फाइट घालून सहाचे तीन करायचे, मग चुन्याने किंवा कॉस्टिकने पीएच ८-९ वर आणून गाळ बसवायचा, पाण्यात सहाचे प्रमाण लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आत ठेवायचे आणि गाळ रांजणगाव किंवा तळोज्याला पाठवायचा. चौरस इंचामागे निम्मा दर सांगणाऱ्याला तो गाळ कुठे जातो ते विचारा. प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्याला टाळे लावले तर तुमचा मोल्डही आतच राहील.

ड्रॉइंगवर लिहायचे तर असे लिहा : ‘एच-१३, ५०-५२ एचआरसी, टेंपरिंग ५६० अंश. कॅव्हिटीला हार्ड क्रोम एका बाजूला २० अधिक-उणे ५ मायक्रॉन, माप प्लेटिंगनंतरचे. पार्टिंग फेस, पिनची भोके आणि आटे मास्क. प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत बेकिंग सुरू. स्पार्क इरोजनचा थर काढलेला आहे. मटेरियल : ३० टक्के काच भरलेले नायलॉन.’ लिहायला दोन मिनिटे लागतात.

आणि कोटिंग सुटलेच, तर जॉब बफ करून, घासून पाठवू नका. सुटलेला पापुद्रा कागदाच्या पुडीत बांधून सोबत द्या. त्याची खालची बाजू चकचकीत, स्वच्छ असेल तर आमची सफाई किंवा एचिंग चुकले. खाली करड्या पोलादाचा थर चिकटून आला असेल तर तुमचा स्पार्कचा किंवा नायट्रायडिंगचा थर सुटला. क्रोमवरून क्रोम सुटले असेल तर मधे करंट तुटला, म्हणजे चूक आमची, आणि दुरुस्ती आमच्या खर्चाने.

आपले,
हार्ड क्रोम आणि इलेक्ट्रोलेस निकेलचे जॉबवर्क करणारे